‘ल बालों रूज’मधला फुगा इतका लाल का दिसतो? मुलांबरोबर असा प्रयोग करायचा तर काय काय लागेल?

ओसरी

नमस्कार मंडळी,

आल्बेर लामोरिस यांचा ‘ल बालों रूज’, म्हणजे ‘लाल फुगा’, हा १९५६ चा फ्रेंच लघुपट पाचवी-सहावीच्या मुलांना दाखवायचा आहे. मुलं साठेक आहेत. नंतर त्यांच्याकडूनच, त्यांच्याच वस्तीत, मोबाइलवर तीन मिनिटांची फिल्म करून घ्यायची असा बेत आहे. एक रंगीत वस्तू, तिच्यासोबत एक मूल, संवाद जवळजवळ नाहीत.

तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक म्हणजे रंग. मूळ फिल्ममध्ये फुगा चौकटीत आला की नजर दुसरीकडे जातच नाही. इथे चाचणीच्या चित्रणात तोच लाल फुगा गुलाबट आणि अर्धवट पारदर्शक दिसतो, कडाही फाटल्यासारख्या येतात.

दुसरं फुग्याचं चालणं. तो फिल्ममधल्या पास्काल या मुलाच्या मागे येतो, थांबतो, हुलकावणी देतो. संगणक नसताना त्यांनी हे साधलं, मग आपल्याला साध्या सामानात कितपत जमेल?

तिसरा प्रश्न शेवटाचा. टोळकं गलोलीने फुगा मारतं तो प्रसंग दहा वर्षांच्या मुलांना जड जाईल का? आधी सांगून ठेवावं, की नाही?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

राखाडी

रंगाबद्दल लिहितो. लाल फुगा लाल दिसतो त्याचं अर्धं श्रेय राखाडीला आहे, हे आधी पक्कं धरा.

फिल्म पॅरिसच्या पूर्वेकडच्या टेकाडावर, मेनिलमोंतां आणि बेलव्हिल या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमध्ये चित्रित झाली. काजळी धरलेल्या भिंती, दगडी फरसबंदी, ओलसर पायऱ्या, पातळ धुकं. (त्यातल्या बऱ्याच गल्ल्या पुढे जुनी घरं पाडण्याच्या मोहिमेत गेल्या. टेकाडाच्या उतारावर १९८८ मध्ये बेलव्हिल बाग झाली. त्यामुळे ही फिल्म त्या वस्तीचा दस्तऐवजही ठरली आहे.) पास्कालच्या अंगावरचे कपडेही राखाडीच. रस्त्यावरची माणसं काळ्या-करड्या कोटांत आहेत. एदमों सेशां यांचा कॅमेरा बहुतेक वेळ मऊ, सावलीच्या उजेडात आहे. अशा चौकटीत ठसठशीत रंग एकच उरतो.

दुसरं म्हणजे रंगांचा हात राखून केलेला खर्च. मध्येच एका मुलीच्या हातात निळा फुगा दिसतो आणि लाल फुगा तिच्यामागे जाऊ लागतो. ती मुलगी म्हणजे दिग्दर्शकाची लेक साबिन, पास्काल हाही त्यांचाच मुलगा. बाकी पिवळे, हिरवे, निळे फुगे घोळक्याने येतात ते थेट शेवटी. तिथे डोळे दिपतात ते आधी अर्धा तास रंगाची उपासमार झालेली असते म्हणून. तुमच्या तीन मिनिटांतही हाच हिशेब ठेवा, दुसरा रंग शेवटच्या वीस सेकंदांपर्यंत येऊ देऊ नका.

आता तुमच्या गल्लीचं. चित्रणाच्या आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी उभं राहून चौकटीतलं प्रत्येक लाल मोजा. आपल्याकडे लाल सगळीकडे असतं: गॅसचा सिलेंडर, टपालपेटी, आगीच्या बादल्या, कोल्ड्रिंकची पाटी, दोरीवरचं लुगडं, उंबऱ्यावरचं कुंकू, मागून जाणारी एसटी. जे हलवता येईल ते हलवा, नाही तर कॅमेरा चार पावलं सरकवा. तळहाताएवढा दुसरा लाल ठिपका राहिला तरी नजर दोन ठिकाणी वाटली जाते.

गणवेशाचीही काळजी घ्या. नीळ घातलेला पांढरा शर्ट उन्हात चौकटीतली सर्वांत उजळ वस्तू होतो आणि डोळा आधी उजेडाकडे धावतो. मुलाला मळखाऊ करडा, फिकट खाकी किंवा धुऊन विटलेला निळा शर्ट द्या. काळा नको. सावलीत त्याचा नुसता डाग होतो आणि हातापायांच्या हालचाली कळत नाहीत.

भिंत काळ्या पाषाणाची, सिमेंटची किंवा जुन्या पत्र्याची निवडा. देशावरच्या जुन्या वाड्यांचा बेसॉल्ट यासाठी सोन्यासारखा आहे. पावसाळ्यातली हिरवीगार झाडी मात्र फसवी. हिरवा लालच्या विरुद्धचा रंग, म्हणून उठाव येतो हे खरं, पण तो स्वतःही तितकाच भडक असतो. मग फुगा एकटा राहत नाही, दोघांची झोंबी सुरू होते.

---

तंगूसवाला

फुग्याच्या हालचालीबद्दल.

मूळ फिल्ममधल्या करामती कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवलेल्या आहेत. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां यांनी याच फिल्मवर आणि लामोरिस यांच्या आधीच्या ‘क्रें-ब्लां’ या १९५३ च्या घोड्यावरच्या फिल्मवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यातला मुद्दा तुमच्या कामाचा आहे: ज्या प्रसंगाचा जीव दोन गोष्टी एकाच वेळी समोर असण्यात आहे, तिथे कात्री चालवायची नाही. आधी मुलगा, मग फुगा, पुन्हा मुलगा असं तुकड्यांत दाखवलंत तर फुगा ‘येतो’ हे आपण फक्त मान्य करतो. दोघं एका चौकटीत असतील तर ते आपण पाहतो. युक्ती लपवायला कट घ्यायचाच असेल तर चमत्काराच्या आधी किंवा नंतर घ्या, ऐन क्षणी नको.

सामान असं:

फुगा रबरी, फुगवल्यावर ४० सेंटिमीटर व्यासाचा. नेहमीचा वाढदिवसाचा २८ सेंटिमीटरचा फुगा छोटा पडतो, त्याची उचलही जेमतेम. चकचकीत पन्नीचा नको, त्यात कॅमेरा, आकाश आणि चित्रण करणारी मंडळी सगळी दिसतात.

गुलाबट आणि पारदर्शक दिसण्याचं कारण म्हणजे रबर ताणलं की पातळ होतं आणि मागचा उजेड आरपार येतो. उपाय, फुग्यात फुगा. पेन्सिलीच्या बोथट टोकाने एक फुगा दुसऱ्यात सरकवा, आधी आतला भरा, मग दोन थरांमध्ये अगदी थोडा वायू सोडा आणि दोन्ही तोंडं एकत्र बांधा. आत पिवळा किंवा पांढरा घातला तर लाल उजळतो, आत लालच घातला तर गडद होतो. काळा घालू नका, विटकरी दिसेल.

वायू फक्त हेलियम. जत्रेतल्या फुगेवाल्याकडच्या सिलेंडरमध्ये पुष्कळदा हायड्रोजन असतो. तो पेट घेतो, आणि मुलांच्या तोंडाजवळ फुगा पेटला तर चेहरा भाजतो. तिथे स्वस्ताईचा विचार नको. हेलियमही मुलांना तोंडाने ओढू देऊ नका, आवाज गमतीदार होतो पण श्वासात प्राणवायू उरत नाही.

उचलीचं गणित. ३० अंश तापमानाला एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम उचलतो. ४० सेंटिमीटरच्या फुग्यात ३३ लिटर मावतात, म्हणजे ३३ ग्रॅम. एका फुग्याचं रबर ८ ग्रॅम धरा, दोन थरांचे १६. खाली लोंबणारी दिसती सुती दोरी २ ग्रॅम. हातात उरते १५ ग्रॅम उचल. सोनाराच्या छोट्या काट्यावर रबर आणि दोरी तोलून घ्या, कारण प्रत्येक बनावटीचं वजन वेगळं. फुग्यांसाठी विकल्या जाणाऱ्या हेलियममध्ये कधी कधी हवाही मिसळलेली असते, तेव्हा उचल आणखी कमी भरते.

फुगा ‘जिवंत’ वाटायला हवा असेल तर ही १५ ग्रॅम उचलही जास्त आहे. तो सारखा वर ओढ घेतो आणि बांधलेला आहे हे लगेच कळतं. तोंडाच्या गाठीला मातीचा गोळा लावून उचल ३-४ ग्रॅमवर आणा. मग तो तरंगतो आणि बोटाच्या इशाऱ्याने हलतो. मात्र हे बंद खोलीत किंवा पूर्ण निवाऱ्यातच जमतं. उघड्यावर पूर्ण उचल ठेवा.

वारा हा खरा शत्रू. सेकंदाला २ मीटर, म्हणजे पानं जेमतेम हलतील इतका वारा या आकाराच्या फुग्याला सुमारे १४ ग्रॅमच्या जोराने ढकलतो. उचल १५ आणि ढकल १४, म्हणजे फुगा जवळजवळ ४५ अंशात कलतो. वारा ३ मीटर झाला की ढकल दुपटीहून वाढते आणि फुगा आडवा व्हायला लागतो. कागदावर करून पाहा, वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून सकाळी सात ते साडेआठ हीच वेळ. किनारपट्टीवर तर दुपारच्या आतच खारं वारं सुटतं, त्यानंतर प्रयत्नच करू नका.

दोरा: तंगूस, म्हणजे पारदर्शक नायलॉनचा दोरा, ०.१२ मिलिमीटर जाडीचा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो, रिळावर जाडी लिहिलेली असते. तो फुग्याच्या गाठीला बांधा. अंगाला चिकटपट्टीने लावला तर तिथे फुगा ओढला जातो आणि चकाकी वाकडी दिसते. तंगूस दिसतो तो पाठीमागून ऊन आल्यावर, तारेसारखा चमकतो. उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने किंवा वरून मऊ येऊ द्या आणि चौकटीत येणाऱ्या भागावर राखाडी मार्कर फिरवा.

मागे मागे येणं सर्वांत सोपं. तंगूसाचं दुसरं टोक मुलाच्या दप्तराच्या पट्ट्याला, लांबी तीन मीटर. तो चालला की फुगा आपोआप मागे येतो. अडचण थांबताना येते, कारण मुलगा थांबला तरी फुगा पुढे तरंगत त्याच्या डोक्यावर येतो. म्हणून दुसरा तंगूस मागे, चौकटीबाहेर बसलेल्या मदतनिसाच्या हातात. मुलगा थांबण्याच्या एक पाऊल आधी त्याने तो हलकेच धरायचा. झटका दिला तर फुगा मान डोलावल्यासारखा हलतो. तेही कधी कधी हवंच असतं!

हुलकावणीसाठी वरच्या मजल्याच्या खिडकीला गुळगुळीत लोखंडी कडी बांधा, तंगूस तिच्यातून ओवून खाली आणा. मुलाने हात वर केला की ओढायचं. मूळ फिल्ममध्ये घरातली बाई फुगा खिडकीबाहेर घालवते आणि तो तिथेच घुटमळत राहतो, तशा प्रसंगाला हीच रचना चालते.

एक गंभीर सूचना. गल्लीत आडवा तंगूस म्हणजे मांजाच. सायकल-स्कूटरवाल्याच्या गळ्याला लागेल. दोन्ही टोकांना मोठी माणसं उभी करून रस्ता अडवा आणि ‘कट’ झाल्याबरोबर तंगूस गुंडाळा. एकही टोक खांबाला बांधून सोडायचं नाही.

फुगा ऐनवेळी, जागेवरच भरा. उन्हात तासाभरात रबरावर पांढुरकी झाक चढते. चकाकी परत आणायला खोबरेल तेल लावतात ती चूक, तेलाने रबर सैल पडून फुटतं. नवा फुगा घ्यावा हे उत्तम. आणि पूर्ण ताणून भरू नका, उन्हात वायू प्रसरण पावतो. दोन सेंटिमीटर कमीच ठेवा. दिवसभराच्या कामाला पाच-सहा जोड्या धरा, म्हणजे २०० लिटर हेलियम.

---

दुसरं_रीळ

मोबाइलच्या बाजूचं थोडं, कारण कडा फाटण्याचं आणि सपाट दिसण्याचं कारण तिथे आहे.

मोबाइल एकूण उजेड बघून चित्र उजळ ठेवतो. पण भडक लाल वस्तूत लाल वाहिनी, म्हणजे चित्रातल्या लाल रंगाची नोंद, आधीच काठोकाठ भरते. चित्र ठीक वाटतं, फुगा मात्र चकतीसारखा सपाट होतो. त्यावरची सावली आणि चकाकी दोन्ही जातात. नंतर दुरुस्त करता येत नाही. म्हणून फुग्यावर बोट दाबून उजेड (एक्स्पोजर) कुलूपबंद करा आणि उणे ०.७ ते उणे १ पर्यंत खाली आणा. फुगा गोल दिसायला लागतो.

पांढऱ्याचा समतोलही (व्हाइट बॅलन्स) कुलूपबंद हवा, ढगाळ सकाळी साधारण ६००० ते ६५०० केल्व्हिन. आपोआप ठेवलात तर फुगा जवळ येऊन चौकट भरली की मोबाइलला वाटतं सगळं दृश्यच लाल झालंय, तो निळसर-हिरवट ओततो आणि मागची भिंत रंग बदलते. एकाच दृश्यात भिंत दोनदा रंग पालटते ती यामुळे. ‘व्हिव्हिड’, ‘एआय दृश्य’, ‘एचडीआर’ ही सगळी बटणं बंद.

फाटक्या कडांचं कारण असं की मोबाइलचं चित्रण उजेडाची माहिती पूर्ण ठेवतं, पण रंगाची फक्त एक-चतुर्थांश. लाल-राखाडीच्या सीमेवर हे सर्वांत आधी उघडं पडतं. उपाय सोपा आहे, चित्रण फोर-केमध्ये घ्या आणि तयार फिल्म १०८० मध्ये काढा. प्रत्येक चार बिंदूंचा एक होतो आणि कड गुळगुळीत होते.

आता मूळ फिल्म दाखवण्याबद्दल, कारण तिथे जास्त नुकसान होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘ल बालों रूज’ची चौकट जवळपास चौकोनी आहे, ४ः३. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणार, राहू द्या. कुणीतरी ‘पडदा भरा’ बटण दाबतं आणि फुगा आडव्या अंड्यासारखा होतो. तीच कसोटी वापरा, फुगा गोल दिसतोय का? ‘झूम’ करून भरलं तर आणखी वाईट, वरचा भाग कापला जातो आणि फुगा नेमका मुलाच्या डोक्याच्या वर असतो.

शाळांमधले स्वस्त प्रोजेक्टर पुष्कळदा एका चिपचे असतात. त्यांच्या रंगचक्रात, म्हणजे दिव्यासमोर फिरणाऱ्या रंगीत चकतीत, उजेड वाढवण्यासाठी एक पांढरी फाक असते. पांढरं त्यामुळे झगझगीत दिसतं, शुद्ध लाल मात्र मागे पडून विटकरी होतं. ‘ब्राइट’ मोडमध्ये हे सर्वांत जास्त. ‘सिनेमा’ मोड घ्या, उजेड कमी पडेल, पण लाल लाल दिसेल. आदल्या दिवशी अर्धं पांढरं, अर्धं लाल असं एक चित्र लावून पाहा. भिंतीला फिकट पिवळा डिस्टेंपर असेल तर पांढरी चादर ताणून लावा, नाही तर पॅरिसच्या भिंतीही पिवळ्या होतील. खिडक्यांना जाड काळं कापड हवंच. अंधार पुरेसा नसेल तर आधी राखाडी धुऊन निघतं आणि मग फुग्याला टेकायला जागा उरत नाही.

प्रतीबद्दल एक गोष्ट. जुन्या ईस्टमनकलर छापील प्रतींमधला निळसर रंग सर्वांत आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी होतं. या फिल्मला तो रोग प्राणघातक आहे, कारण भिंती, कोट, आकाश सगळंच लालसर झालं की फुग्याचं वेगळेपण संपतं. टेक्निकलरच्या रंग छापण्याच्या पद्धतीत रंगद्रव्यं टिकाऊ असत, आणि या फिल्मच्या श्रेयनामावलीत टेक्निकलर आहे. पण जालावर फिरणाऱ्या काही प्रती फिकट पडलेल्या रिळांवरून केलेल्या दिसतात. सुरुवातीच्या दृश्यातली फरसबंदी गुलाबट दिसली तर ती प्रत सोडा, २००७ नंतरच्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळची स्वच्छ, अधिकृत प्रत मिळवा.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

दोन उपप्रश्न. वस्ती कोकणात आहे, घरं जांभ्याची आणि वर कौलं. म्हणजे ‘राखाडी’ म्हणतात ती भिंतच नाही. तिथे काय करावं? आणि ॲपमध्ये बाकी सगळं कृष्णधवल करून फक्त लाल ठेवायची सोय आहे, ती वापरली तर?

---

राखाडी

ती सोय वापरू नका, कारण सांगतो.

ॲप ‘लाल’ ओळखतं ते रंगछटेवरून. आपल्या त्वचेची छटा लालच्या अगदी शेजारी असते. त्यामुळे मुलाचे ओठ, कान, बोटांची टोकं लाल राहतात आणि गाल राखाडी होतात, चेहरा आजारी दिसतो. छटेची मर्यादा आवळली तर फुग्याची सावलीकडची बाजू गळते. प्रत्येक चौकटीत ही सीमा थोडी थोडी हलते आणि कड लुकलुकते.

त्याहून मोठं नुकसान वेगळंच. खरा फुगा मुलाच्या गालाजवळ आला की त्याची तांबूस झाक गालावर, बाहीवर, भिंतीवर पडते. फुगा तिथे खरोखर आहे ही खात्री डोळ्याला त्या झाकेमुळे पटते. ॲप ती पुसून टाकतं आणि फुगा वरून चिकटवल्यासारखा दिसतो. करायचंच असेल तर सगळ्या चित्राचा भडकपणा १०-१५ टक्के कमी करा, झाकेसकट. बस.

जांभ्याचं म्हणाल तर तिथे लाल फुगा घेण्याचा हट्टच सोडा. जांभा आणि लाल यांची छटा शेजारची, उजेडही जवळपास सारखा, फुगा भिंतीत बुडणार. जांभ्यापुढे निळा घ्या, मोरपंखीपेक्षा शाईसारखा गडद. ढगाळ दिवशी पिवळाही उठून दिसतो. लालच हवा असेल तर पावसाळ्यानंतर शेवाळं वाळून काळे पडलेले गडगे शोधा, जुनी विहीर, सिमेंटचा साकव, धक्का, ओहोटीनंतरचा ओला पुळण. ओली वाळू फार सुंदर राखाडी देते. फक्त वारा सांभाळा.

---

खडूफळा

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं नाही, म्हणून लिहिते.

आधी वेळेचं गणित, कारण शेवट बिघडतो तो बहुधा इथे. फिल्म ३४ मिनिटांची आणि शाळेचा तास ३५ मिनिटांचा. मुलं बसून अंधार होईपर्यंत पाच मिनिटं सहज जातात. मग घंटा वाजते ती फुगा आकसत असताना किंवा त्यानंतर लगेच. मुलं वर्गाबाहेर जातात ती नेमकं ते चित्र डोळ्यांत घेऊन, आणि पुढचं उड्डाण त्यांनी पाहिलेलंच नसतं. जोडतास घ्या. शक्य असेल तर दुपारच्या सुट्टीला लागून, म्हणजे नंतर मुलांना धावायला मिळेल.

तो प्रसंग जड आहे, आणि असायला हवा. फुगा फटकन फुटत नाही. त्यातला वायू हळूहळू जातो, चकचकीत कातडी सुरकुतते, तो जमिनीवर येतो, आणि एक मुलगा त्यावर पाय देतो. कॅमेरा तिथून हलत नाही. वस्तूला जीव होता हे मुलांना नेमकं इथे कळतं. काही मुलं रडतील. तिथे फिल्म थांबवणं, दिवे लावणं, ‘काही नाही रे, खोटं आहे’ म्हणणं, यातलं काहीही करू नका. पुढच्या काही मिनिटांत पॅरिसभरचे फुगे मालकांच्या हातांतून सुटून पास्कालकडे येतात, तो सगळ्या दोऱ्या हातात घेतो आणि छपरांवरून उडतो. मुलांना सावरायचं काम फिल्म स्वतः करते, आपण मध्ये पडलो की ते बिघडतं.

आधी सांगावं का? माझं मत, शेवट सांगू नये. एवढंच सांगा: ‘यात बोलणं फार थोडं आहे आणि ते फ्रेंच आहे. कळलं नाही तरी चालेल, बघत राहा.’ भाषांतर करत बसू नका. मोरिस लरू यांचं संगीत आणि गल्लीतले आवाज मुलांना पुरतात. ही पटकथा १९५६ च्या फिल्मांसाठीच्या ऑस्करमध्ये सर्वोत्तम मूळ पटकथा ठरली होती, स्पर्धेत इटालियन दिग्दर्शक फेलिनींचा ‘ला स्त्रादा’ असताना. बोलणं कमी म्हणून लिखाण कमी असं नसतं.

संपल्यावर तात्पर्य विचारू नका, ‘या गोष्टीतून काय शिकलो’ तर मुळीच नको. प्रत्येकाला एक पांढरा कागद, एक ४बी किंवा ६बी पेन्सिल आणि अर्धी लाल तेलखडू द्या. साठ मुलांना तीस खडू पुरतात. आपली गल्ली पेन्सिलीने काढायची आणि त्यात एकच वस्तू लाल. शिशाची भुकटी लालमध्ये मिसळली की तो मातकट होतो, म्हणून लाल वस्तूची जागा सुरुवातीपासून कोरी सोडून तिच्यावर हात टेकू द्यायचा नाही आणि लाल सर्वांत शेवटी भरायचा. तुमच्या तीन मिनिटांच्या फिल्मची पटकथा या साठ कागदांतून निघेल. कुणी बादली लाल करेल, कुणी आजीचं लुगडं. फुगाच हवा असं कुठे आहे?

---

तंगूसवाला

‘खडूफळा’ताईंशी एका गोष्टीत असहमत. शेवट सांगू नये हे मान्य, पण साठात एखादं मूल असं असू शकतं की ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय. वर्गशिक्षकांना ते ठाऊक असतं. त्या मुलाला आधी बाजूला घेऊन एवढं सांगावं की मध्ये एक दुःखाची जागा आहे, पण ती शेवट नाही. आणि त्याला दाराजवळची जागा द्यावी.

---

खडूफळा

हे अगदी योग्य. माझं लिहायचं राहिलं होतं.

आणखी एक, अभिनयाबद्दल. मुलांकडून ‘आश्चर्यचकित हो’ असं करून घेऊ नका. पास्काल कुठेच डोळे विस्फारत नाही. फुगा मागे येतोय हे त्याला पहिल्यापासून रास्त वाटतं. त्याची चिंता वेगळी आहे: बसमध्ये घेत नाहीत, शाळेत कुठे ठेवायचा, पावसात भिजेल. म्हणून तो अनोळखी माणसांच्या छत्र्यांखालून चालतो, स्वतःसाठी नाही, फुग्यासाठी. चकित व्हायचं काम प्रेक्षकांचं. तुमच्या मुलाला अशी सूचना द्या, ‘हा तुझा धाकटा भाऊ आहे, नीट लक्ष देत नाही, त्याला शाळेत पोचव.’ चेहरा आपोआप बरोबर होतो. एकाच दृश्याचे चारपेक्षा जास्त टेक घेऊ नका, पाचव्याला मूल कॅमेऱ्यासाठी चालायला लागतं.

---

दुसरं_रीळ

शेवटच्या दृश्यासाठी घोळक्याने फुगे आकाशात सोडायचा मोह होईल. तो टाळा. रबराचे तुकडे गुरं आणि पक्षी गिळतात, दोरी झाडांवर वर्षभर लोंबते, आणि समुद्राजवळ तर ते थेट पाण्यात जातात. पर्याय असा: पंधरा-वीस फुगे लांब दोऱ्यांना बांधून दोऱ्या मोठ्यांच्या हातात, कॅमेरा जमिनीला टेकवून वर तोंड करून. चौकटीत फक्त आकाश आणि फुगे ठेवा आणि दोऱ्या हळूहळू सोडत जा. सुटल्यासारखे दिसतात आणि सगळे परत येतात.

आणि मुलं हमखास विचारणार, ‘खरंच उडता येतं का?’ उत्तर ‘तंगूसवाला’ यांच्याच आकड्यांत आहे. ४० सेंटिमीटरचा एकेरी फुगा ३३ उणे ८, म्हणजे २५ ग्रॅम उचलतो. २० किलोच्या मुलाला नुसतं तोलून धरायलाच ८०० फुगे लागतील. वाढदिवसाचे २८ सेंटिमीटरचे घेतले तर साडेअकरा लिटरमधून रबराचे ३ ग्रॅम वजा, उरले साडेआठ, म्हणजे २३०० च्या वर. फिल्ममध्ये पास्कालच्या हातात त्याच्या जवळपासही फुगे नाहीत. हे गणित फळ्यावर जरूर करा, पण फिल्म पाहून झाल्यावर, दुसऱ्या दिवशी.